पट्ट्यावरचं विमान

काल पोळा झाला, आज तान्हा पोळा.
जिनिंग बंद. हंगामाला अजून दीड महिना.
निसार फिटर सरकीच्या पट्ट्याला तेल पाजत होता
आणि आम्ही सावलीला बसून त्याला कसं पाजावं ते सांगत होतो.
तेव्हा त्याच्या भाच्यानं सवाल टाकला,
वाळल्या कडब्यावर विडीचं थोटूक टाकावं तसा.

"समजा, असाच पट्टा. पण मैलभर लांब.
त्याच्यावर विमान ठेवलं.
विमान जेवढ्या जोरानं पुढं जाईन,
तेवढ्याच जोरानं पट्टा मागं पळन.
तं सांगा, विमान उडन का नाई?"

तौसीफ नागपूरच्या विमानतळावर बॅगा चढवतो.
त्यालाच विचारलं आधी.
"मले काय मालूम? मी पोट पाह्यतो विमानाचं.
पंखाचं खातं वेगळं हाये."

बकाराम मापारी म्हणाला, "नाई उडत."
चाळीस वर्षं त्यानं काटा पाहिलेला.
"इतकं पुढं, तितकं मागं. बाकी शून्य.
शून्याले पंख फुटत नसते, बाप्पा."

शालिक बंडीवाला म्हणाला, "उडन."
"कायच्यावरून बे?"
"लोकायनं तिकिटं काढली असन ना!"

मेश्राम सर छत्री मिटत आले.
विटकरीच्या तुकड्यानं गोदामाच्या भिंतीवर
एक बाण पुढं काढला, एक मागं, एक खाली, एक वर.
मग बराच वेळ बाणांकडे पाहत राहिले.
"आठवीले हे येत नाई," म्हणाले.

दुपारपर्यंत गोष्ट पानठेल्यावर पोचली.
खर्रा घोटता घोटता ठेलेवाल्यानं हात थांबवला,
असं आजवर फक्त मयतीला झालेलं.
निवडणूक नाही, काही नाही,
आणि गावात दोन पार्ट्या: उडनवाले, नाईवाले.
साळा-भाटवा एका बाकड्याच्या दोन टोकांना.
पैज चहावरून आलूबोंड्यावर गेली,
आलूबोंड्यावरून शालिकच्या उजव्या बैलाच्या नव्या झुलीवर,
तेव्हा घरून निरोप आला
आणि पैज पुन्हा आलूबोंड्यावर उतरली.

चारच्या सुमाराला बकारामची नात आली, आचल.
बगलेत लाकडी बैल, शिंगांना बेगड,
पायांखाली चार चाकं, गळ्यात सुताची दोरी.
तिनं ऐकलं दोन्हीकडचं,
आणि बैल ठेवला सरळ पट्ट्यावर.
"निसारमामा, चालू करा."

पट्टा मागं धावला.
आचल बाजूच्या फरशीवर, दोरी हातात, उभी.
बैल जागचा हलला नाही.
चाकं तेवढी गरगरत होती.
मग ती चालायला लागली
आणि बैलही निघाला तिच्यामागं,
उलट्या पळत्या पट्ट्यावरून सुलटा,
मान डुलवत, जसं तोरणाखालून जायचंय.
निसारनं जोर वाढवला.
चाकं वेड्यासारखी फिरली. बैल येतच राहिला.

कुणी बोललं नाही. मग सर हळूच म्हणाले,
"दोरी."
आणि भिंतीकडे गेले, एक बाण पुसला.
"पट्ट्याचं भांडण चाकाशी आहे.
बैलाले ओढते ते दोरी.
विमानाची दोरी हवेत बांधली असते."

"म्हंजे उडन!" शालिकनं मांडीवर थाप मारली.

बकारामनं बैल उचलला, उलटा केला,
चाकं बोटानं फिरवून पाहिली,
वजनही घेतलं तळहातावर.
"आला पुढं, मान्य. पण उडाला कुठी?"

तेवढ्यात वरून एक विमान गेलं, नागपूरकडं.
सगळ्यांनी कपाळाला हात लावून वर पाहिलं,
जिंकलेल्यांनी, हरलेल्यांनी, ठेलेवाल्यानं.
निसारनं पट्टा बंद केला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

"हे पाह्य, उडून राह्यलं!" शालिक ओरडला.
"उडू दे ना," बकाराम म्हणाला,
"त्याच्याखाली पट्टा कुठी हाये?"

आचलनं दोरी बैलाच्या गळ्याला गुंडाळली,
आजोबापुढं हात पसरला: बोजारा.
त्यानं अकरा रुपये मोजून दिले, दोनदा मोजून.

याला आता तीन पोळे झाले.
आलूबोंडे अजून बाकी आहेत.